मराठीतील यंत्रमूलक वाक्प्रचार

यंत्रमूलक वाक्प्रचार म्हणजे एखाद्या यंत्राच्या, अवजाराच्या किंवा उपकरणाच्या कार्यपद्धतीवरून तयार झालेले आणि पुढे त्या यंत्राशी संबंध नसलेल्या प्रसंगीही लाक्षणिक अर्थाने वापरले जाणारे शब्दप्रयोग होत. ‘गुऱ्हाळ लावणे’, ‘रहाटगाडगे चालू राहणे’, ‘हिरवा कंदील दाखवणे’, ‘पिन अडकणे’, ‘ट्यूब पेटणे’, ‘स्क्रू ढिला असणे’ ही मराठीतील त्यांची परिचित उदाहरणे आहेत. जाते, घाणा, चरक यांसारख्या जुन्या साधनांपासून आगगाडी, मोटार, वीज, ध्वनिमुद्रिका आणि संगणकापर्यंत दैनंदिन जीवनात आलेल्या बहुतेक प्रत्येक यंत्राने मराठी बोलीत आपली खूण ठेवली आहे.

यंत्र वापरातून गेले तरी त्याच्यावरून आलेला वाक्प्रचार बहुधा टिकून राहतो. अशा वेळी त्याचा ढोबळ अर्थ सर्वांना कळतो. परंतु तो अर्थ तसाच का आणि त्याची नेमकी छटा कोणती, हे यंत्राची क्रिया माहीत असल्याशिवाय उलगडत नाही.

== संज्ञा आणि व्याप्ती ==

या लेखात ‘यंत्र’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. इंजिन किंवा विजेची मोटर असलेली साधने तर त्यात येतातच. शिवाय हाताने किंवा जनावरांच्या साहाय्याने चालणारी जाते, घाणा, रहाट यांसारखी साधने आणि पाचर, ऐरण, मळसूत्र यांसारखी साधी अवजारेही येतात.

या गटातील काही प्रयोग शिष्टसंमत लेखनात रूढ आहेत. ‘प्रश्न ऐरणीवर येणे’ किंवा ‘प्रस्तावाला हिरवा कंदील मिळणे’ हे वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही चालतात. उलट ‘ट्यूब पेटणे’, ‘चावी मारणे’, ‘डोके हँग होणे’ हे प्रामुख्याने अनौपचारिक बोलण्यातील प्रयोग आहेत. दोहोंमधील सीमारेषा स्थिर नसते. आज केवळ बोलीत असलेला प्रयोग काही काळाने लेखनातही स्थिरावू शकतो.

== लक्षणेच्या दृष्टीने विचार ==

भारतीय साहित्यशास्त्रात अशा प्रयोगांचे स्पष्टीकरण ‘लक्षणा’ या शब्दशक्तीच्या आधारे करता येते. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक.

‘परीक्षेच्या ताणाने त्याचा फ्यूज उडाला’ या वाक्याला हे निकष लावून पाहता येतात. माणसाच्या अंगात फ्यूज नसतो, म्हणून मुख्यार्थ बाधित होतो. पेलवेल त्यापेक्षा अधिक भार आल्यावर एकाएकी सर्व काही बंद पडणे, हे तारेचे आणि माणसाचे साम्य म्हणजे मुख्यार्थाशी असलेला संबंध. हा संबंध सादृश्याचा असल्याने या लक्षणेला ‘गौणी’ म्हणतात. ताणाची तीव्रता आणि परिणामाची आकस्मिकता एका शब्दात सांगणे हे प्रयोजन होय.

यंत्र नवे व परिचित असते तेव्हा प्रयोग ‘प्रयोजनवती’ लक्षणेचा असतो. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते यंत्र उभे राहते. यंत्र विस्मृतीत गेले की तोच प्रयोग केवळ रूढीच्या बळावर चालू राहतो. या लेखातील बहुतेक वाक्प्रचार या वाटचालीच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर आहेत.

== हाताने आणि पशुबळाने चालणारी साधने ==

=== जाते ===

जात्याचा खालचा दगड स्थिर असतो व वरचा फिरतो. वरच्या दगडाला बसवलेला लाकडी खुंटा धरून तो फिरवतात आणि मधल्या तोंडातून मूठमूठ धान्य, म्हणजे वैरण, घालतात. हे काम पहाटे, तासन्तास आणि एकाच लयीत चाले. त्यावरून एकच विषय पुन्हापुन्हा सांगत राहण्याला ‘तेच दळण दळणे’ असे म्हणतात. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हणही याच कामाशी निगडित आहे. सुपातील धान्याची पाळी अजून आलेली नसते, पण ती येणार हे निश्चित असते; म्हणून म्हणीचा रोख केवळ दुसऱ्याच्या दुःखाला हसण्यावर नाही, तर आपल्या अटळ पाळीचा विसर पडण्यावर आहे. जाते आणि सूप शेजारी शेजारी पाहिलेल्यांना हा भेद आपोआप कळत असे.

=== घाणा ===

तेलाच्या घाण्यात मोठ्या उखळीत उभा दांडा फिरतो आणि तेलबिया चिरडल्या जातात. दांडा फिरवणारा बैल उखळीभोवती घिरट्या घालतो. तो बिथरू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापड बांधतात. दिवसभर चालूनही तो जिथल्या तिथेच असतो. ‘घाण्याचा बैल’ आणि ‘घाण्याला जुंपणे’ या प्रयोगांत अतिश्रमाबरोबरच प्रगतीचा अभाव सूचित होतो. त्यामुळे खूप कष्ट करून पुढे गेलेल्या माणसाला ‘घाण्याचा बैल’ म्हणणे अर्थदृष्ट्या चुकीचे ठरते.

=== चरक आणि गुऱ्हाळ ===

चरकाच्या एकमेकींना लागून फिरणाऱ्या लाटांमधून ऊस घातला की रस एकीकडे आणि चोथा दुसरीकडे जातो. त्यावरून ‘चरकातून पिळून निघणे’ आणि अंगातील त्राण संपलेल्या माणसासाठी ‘चिपाड होणे’ हे प्रयोग आले.

‘गुऱ्हाळ’ म्हणजे ऊस गाळण्यापासून गूळ तयार होईपर्यंतचा सारा खटाटोप. रस मोठ्या काहिलीत घालून कित्येक तास आटवावा लागतो, मळी काढत राहावे लागते आणि एक काहील उतरली की दुसरी चढते. लांबत जाणाऱ्या बोलण्याला ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणतात, ते याच दीर्घ आणि आवर्ती क्रियेमुळे. मात्र गुऱ्हाळातून शेवटी गूळ निघतो. वाक्प्रचारात हा भाग गळून पडला असून आज ‘गुऱ्हाळ’ म्हणजे निष्फळ चर्चा असाच अर्थ रूढ आहे.

=== रहाटगाडगे ===

विहिरीवरील रहाटाला माळेसारखी गाडगी बांधलेली असतात. खालची गाडगी पाण्यात बुडून भरतात, वर येऊन रिती होतात आणि पुन्हा खाली जातात. यावरून मानवी जीवनातील चढउतारांना व नित्याच्या न संपणाऱ्या व्यवहारांना ‘रहाटगाडगे’ म्हणतात. ‘संसाराचे रहाटगाडगे’ या प्रयोगात आज नित्यक्रमाचा अर्थ प्रबळ आहे. भरणे व रिते होणे ही मूळ कल्पना मागे पडली आहे.

=== पाचर, ऐरण, कळ ===

‘पाचर मारणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात हेतुपुरस्सर अडचण निर्माण करून ठेवणे. लाकूड चिरताना फट मिटू नये म्हणून तीत पाचर ठोकतात. ‘पंचतंत्रा’च्या पहिल्या तंत्रातील, अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातील पाचर उपटून स्वतःचा नाश ओढवून घेणाऱ्या वानराची कथा याच तंत्रावर उभी आहे.

‘ऐरणीवर येणे’ हा प्रयोग लोहारकामातून आला. भट्टीत तापलेले लोखंड ऐरणीवर ठेवले की घण घालण्याला थोडाच अवधी असतो. ते निवले तर पुन्हा तापवावे लागते. म्हणून ‘प्रश्न ऐरणीवर आला’ याचा मूळ आशय केवळ ‘चर्चेत आला’ एवढाच नसून ‘त्यावर आत्ताच कृती व्हावी अशा अवस्थेत आला’ असा आहे. इंग्रजीतही ऐरणीवर आधारलेला समांतर प्रयोग आहे.

‘कळ’ या शब्दाचा एक अर्थ यंत्रातील ते लहान साधन, जे दाबले किंवा फिरवले असता सर्व यंत्र चालते. ‘कळ फिरवणे’, ‘कळसूत्री बाहुली’ आणि ‘कळीचा मुद्दा’ हे प्रयोग त्यावरून आले. घड्याळाच्या किंवा खेळण्याच्या स्प्रिंगला किल्ली देण्यावरून ‘चावी मारणे’, म्हणजे पडद्याआडून एखाद्याला चिथावणी देणे, हा बोलीतील प्रयोग रूढ झाला. किल्ली देणारा हात बाजूला झाला तरी खेळणे चालतच राहते, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

== रेल्वे आणि कापड गिरण्या ==

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईतील बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. रेल्वेने मराठीला ‘रुळावर येणे’, ‘रुळावरून घसरणे’, ‘सांधा बदलणे’ आणि ‘हिरवा कंदील दाखवणे’ असे अनेक प्रयोग दिले.

आगगाडीला स्वतःहून दिशा बदलता येत नाही. दोन मार्ग जेथे मिळतात तेथील हलते रूळ सरकवून सांधेवाला तिचा मार्ग ठरवतो. त्यामुळे ‘आयुष्याचा सांधा बदलला’ या प्रयोगात बाहेरच्या एखाद्या लहानशा घटनेने पुढील संपूर्ण दिशा बदलली, असा अर्थ सामावलेला असतो.

‘हिरवा कंदील दाखवणे’ म्हणजे संमती देणे. रात्री निशाण दिसत नसे, म्हणून रंगीत काचेचा तेलाचा कंदील दाखवून गाडीला इशारा देत. ब्रिटनमधील रेल्वेच्या आरंभीच्या काळात पांढरा दिवा ‘मार्ग मोकळा’ आणि हिरवा दिवा ‘सावध’ अशा अर्थी वापरला जाई. हिरव्या रंगाला ‘पुढे जा’ हा अर्थ तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळत गेला. त्यामुळे हा वाक्प्रचार पहिल्या आगगाडीबरोबरच आला असे गृहीत धरणे योग्य नाही. कंदिलाची जागा विजेच्या दिव्यांनी घेतल्यावरही मराठीत संमती ‘कंदिला’चीच मिळते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापड गिरणी १८५६ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुढे गिरणगावातील लाखो लोकांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर बांधला गेला. घरोघरी घड्याळ नसलेल्या काळात भोंगा हाच वेळेचा पुकारा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत आणि भोंगेही थांबले. ‘भोंगा’ हा शब्द मात्र ध्वनिक्षेपकाला व त्यावरून एकच गोष्ट मोठ्याने सांगत सुटणाऱ्या माणसाला लावला जाऊ लागला. वेळ सांगणे हा शब्दाचा मूळ भाग गेला आणि केवळ आवाज उरला.

== सायकल आणि मोटार ==

‘पंक्चर होणे’ (उत्साह मावळणे), ‘हवा काढून घेणे’ (ताठा उतरवणे), ‘ब्रेक लागणे’ (काम थांबणे) आणि ‘वरचा गिअर टाकणे’ (वेग वाढवणे) हे प्रयोग वाहनांवरून आले. मोटारीत खालचा गिअर वेग कमी करतो, पण चाकांना अधिक जोर देतो, म्हणून घाट चढताना तोच वापरतात. बोलीने यातील वेग तेवढा उचलला. कठीण चढणीला वेग कमी करून जोर वाढवावा लागतो, हे सूत्र वाक्प्रचारात आले नाही.

‘धक्कास्टार्ट’ हे विशेषण वारंवार सांगितल्याशिवाय काम सुरू न करणाऱ्याला लावतात. बॅटरी क्षीण झालेली गाडी गिअरमध्ये ठेवून ढकलतात आणि क्लच सोडतात. मग चाकेच इंजिनाला फिरवतात. एकदा इंजिन सुरू झाले की गाडी स्वबळावर धावते. म्हणजे ‘धक्कास्टार्ट’ माणूस आळशी असला तरी निकामी नसतो.

मराठीत ‘ब्रेक लागणे’ आणि ‘ब्रेक घेणे’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पहिल्यातील ‘ब्रेक’ वाहन थांबवणारे साधन आहे, दुसऱ्यातील ‘ब्रेक’ म्हणजे मध्यंतर. इंग्रजीत या शब्दांची वर्णमांडणी भिन्न आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असल्याने तो एकच शब्द असल्याचा समज होतो.

जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लानेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून बसवता येणारी, आरे नसलेली टायरसह धाव विकण्यास सुरुवात केली. तेथील स्टेपनी रस्त्यावरून तिला हे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये हा शब्द मागे पडला, पण भारतात तो सर्व जादा चाकांसाठी रूढ झाला. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही तो बदललेल्या रूपात आहे. मराठी बोलीत ऐनवेळच्या बदली माणसाला ‘स्टेपनी’ म्हणतात.

== वीज ==

‘ट्यूब पेटणे’ म्हणजे उशिरा का होईना, पण एकदाचे ध्यानात येणे. उशिरा समजणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाइट’ असेही म्हणतात. जुन्या नळीदिव्याला चोक आणि स्टार्टर लागत. बटण दाबल्यावर स्टार्टरमधील दोन धातूंची पट्टी तापून वाकते, परिपथ जुळतो आणि नळीच्या टोकांच्या तारा तापतात. पट्टी निवून सुटली की चोकमुळे क्षणभर मोठा विद्युतदाब निर्माण होऊन नळी पेटते. पहिल्या प्रयत्नात न पेटल्यास हेच पुन्हा घडते आणि नळी लुकलुकत राहते. बटण दाबणे आणि प्रकाश पडणे यांतील हे अंतर वाक्प्रचाराचा गाभा आहे. असे दिवे अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आले. त्यामुळे मराठी प्रयोग त्यानंतरचाच असला पाहिजे. एलईडी दिवा तत्काळ लागतो. ज्यांनी केवळ तोच पाहिला आहे, त्यांच्यासाठी ‘ट्यूब पेटणे’ हा आता निव्वळ रूढीने कळणारा प्रयोग झाला आहे.

‘फ्यूज उडणे’ या प्रयोगात अर्थाची दिशाच बदलली आहे. फ्यूज ही चिनी मातीच्या पकडीत बसवलेली बारीक तार असते. मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह आला की ती वितळते आणि घरातील वायरिंग व उपकरणे वाचतात. फ्यूज उडणे हा बिघाड नसून संरक्षण आहे. बोलीत मात्र तो भान हरपण्याचा किंवा बुद्धी बंद पडण्याचा द्योतक आहे.

== ध्वनिमुद्रिका, चित्रपट आणि दूरध्वनी ==

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कोलकात्यात प्रारंभ झाला आणि १९०८ मध्ये तेथेच ध्वनिमुद्रिकांचा कारखाना सुरू झाला. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच सर्पिल खाच असते आणि पोलादी सुई, म्हणजे ‘पिन’, तीतून पुढे सरकते. खाच खराब झाली तर पिन पुढे न जाता मागच्याच वेढ्यात पडते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे पाऊण सेकंदाचा असतो. म्हणजे गाण्याचा तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजत राहतो. ‘त्याची पिन तिथेच अडकली’ हा प्रयोग यावरून आला. संपूर्ण भाषण पुन्हा ऐकवणाऱ्याला ‘तीच रेकॉर्ड लावणे’ म्हणतात आणि एकाच मुद्द्यापाशी थांबलेल्याची ‘पिन अडकते’. काळजीपूर्वक बोलणारे हा भेद पाळतात.

पूर्ण होऊनही प्रदर्शित न झालेला चित्रपट ‘डब्यात पडला’ असे म्हणतात. चित्रफितीची रिळे पत्र्याच्या गोल डब्यांत ठेवली जात. अंकीय चित्रीकरणात फीत नाही आणि डबाही नाही, तरी प्रयोग चालू आहे.

दूरध्वनीच्या चकतीतील छिद्रात बोट घालून ती फिरवावी लागे. चकती परत येताना आकड्याइतके विद्युत ठोके जात. म्हणून आजही ‘नंबर फिरवला’ असे बोलले जाते. ‘फोन ठेवणे’ म्हणजे बोलणे संपवणे, कारण हातातला भाग खाटल्यावर ठेवल्याने खालचा खटका दाबला जाऊन जोडणी तुटे. मोबाइल हातात धरूनही माणसे ‘ठेवतो आता’ असेच म्हणतात.

संगणक आणि मोबाइलवरून आलेले ‘डोके हँग होणे’, ‘बॅटरी उतरणे’, ‘चार्ज होणे’, ‘रेंजमध्ये नसणे’ हे प्रयोग अद्याप ताजे आहेत व त्यांमागील क्रिया बोलणाऱ्यांच्या अनुभवात आहे.

== सदोष व्युत्पत्ती ==

यंत्राशी वरवर जुळणारा प्रत्येक वाक्प्रचार यंत्रमूलक नसतो. पुढील प्रयोगांबाबत गैरसमज होण्याचा संभव असतो.

* रुळणे: ‘भाषेत रुळलेला शब्द’ यातील क्रियापद रेल्वेहून जुने आहे. त्याचा आगगाडीच्या रुळाशी संबंध नाही.
* तोंडाची वाफ दवडणे: येथे वाफ म्हणजे बोलताना बाहेर पडणारा उच्छ्वास. वाफेच्या इंजिनाशी तिचे नाते जोडता येत नाही.
* तोंडाचा पट्टा चालवणे: हा यंत्राचा पट्टा नसून दांडपट्ट्यातील शस्त्र असल्याचे मानले जाते.
* बत्ती गुल होणे: हा प्रयोग वीज जाण्यासाठी वापरतात, परंतु ‘गुल करणे’ म्हणजे दिवा विझवणे हा फारसीतून आलेला, तेलाच्या दिव्यांच्या काळातील प्रयोग आहे.
* मोट बांधणे: येथे मोट म्हणजे गाठोडे, विहिरीतून पाणी काढण्याची चामडी मोट नव्हे.
* कळ लावणे, कळीचा नारद: येथे कळ म्हणजे भांडण. यंत्राची कळ हा निराळा शब्द आहे.
* खुंटा हलवून बळकट करणे: याचा संबंध जात्याच्या खुंट्याशी जोडला जातो, तथापि जनावरे बांधण्याचा खुंटाही तितकाच परिचित आहे आणि संस्कृतातील ‘स्थूणानिखनन’ न्यायात हीच कल्पना खांबाच्या संदर्भात येते. त्यामुळे केवळ जात्यावरून हा प्रयोग आला असे ठामपणे म्हणता येत नाही.

अशा कथा इतर भाषांतही आहेत. घातपाताच्या अर्थाचा ‘सॅबोटाज’ हा शब्द फ्रेंचमधील ‘साबो’, म्हणजे लाकडी पादत्राण, यावरून आला हे खरे. परंतु कामगारांनी ती पादत्राणे यंत्रांत फेकल्याची लोकप्रिय कथा पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वी त्यावरचा वाक्प्रचार असू शकत नाही, ही कालनिश्चितीची पहिली कसोटी होय. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. जो प्रयोग अशा जुन्या कोशात आहे, त्याचे मूळ नंतरच्या यंत्रात शोधणे व्यर्थ ठरते. कोशात नसणे हा मात्र निर्णायक पुरावा नव्हे, कारण बोलीतील कित्येक प्रयोग कोशात नोंदलेच जात नाहीत.

== वापरातील औचित्य ==

यंत्राची प्रतिमा अर्थ स्पष्ट करते, तशीच कधी कधी तो झाकतेही. लाच देण्याला ‘वंगण घालणे’ म्हणतात. वंगणाने घर्षण कमी होते व यंत्र दीर्घकाळ टिकते. ती आवश्यक देखभाल आहे. त्यामुळे ‘वंगणाशिवाय फाइल हलत नाही’ असे म्हणताना गुन्ह्याला नकळत देखभालीचे रूप मिळते आणि पैसे घेणारी व्यक्ती दृष्टिआड होते.

‘स्क्रू ढिला असणे’ आणि ‘फ्यूज उडालेला’ हे प्रयोग थट्टेत चालत असले तरी मानसिक आजार असलेल्या व्यक्तीविषयी वापरल्यास अवमानकारक ठरतात. स्त्रियांच्या संदर्भात ‘स्टेपनी’ हा शब्दही हेटाळणीचा आहे. माणसाला सुट्या भागाच्या पातळीवर आणणे हे या तिन्ही प्रयोगांतील समान सूत्र आहे.

== कोशकार्य आणि अध्यापन ==

यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–१९३८) आणि त्यानंतर ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ तयार झाला. शेती, कारागिरी आणि घरकामातील साधनांवरून आलेल्या प्रयोगांसाठी हे कोश महत्त्वाचे आहेत. त्यांच्यानंतर रूढ झालेले नळीदिवा, संगणक आणि मोबाइल यांवरील प्रयोग स्वाभाविकपणे त्यांत नाहीत.

शालेय अभ्यासक्रमात वाक्प्रचार बहुधा ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या स्वरूपात शिकवले जातात. या पद्धतीने अर्थ पाठ होतो, पण ‘गुऱ्हाळ’ आणि ‘दळण’, किंवा ‘रेकॉर्ड लावणे’ आणि ‘पिन अडकणे’, यांतील भेद हाती लागत नाही. तो भेद साधनाच्या क्रियेत असतो. जाते ओढणाऱ्या स्त्रिया, घाणा चालवणारे तेली, सांधेवाले आणि गिरणी कामगार यांनी हे प्रयोग घडवले किंवा त्यांच्या कामावरून ते घडले. कोशांत मात्र त्यांच्या कामाचे वर्णन क्वचितच सविस्तर मिळते. ही साधने स्वतः हाताळलेली माणसे अजून अनेक गावांत व चाळींत आहेत. वाक्प्रचाराच्या नोंदीबरोबर साधनाचे भाग, त्यांची स्थानिक नावे आणि काम करण्याची रीत त्यांच्याकडून टिपून घेतल्यास पुढील कोशांना व्युत्पत्तीसाठी अंदाजावर विसंबावे लागणार नाही.